गावचा खेळाडू आणि फिरता खेळाडू

आमचे एक स्नेही गॉल्फ खेळतात. पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर गेली तीस वर्षे त्यांचा रविवार सकाळचा नेम सहसा चुकलेला नाही, आणि त्यांच्या क्लबात त्यांच्याइतका चांगला खेळणारा दुसरा कोणी नाही, असे त्यांचे प्रतिस्पर्धीच कबूल करतात. आम्ही स्वतः त्या खेळाची काठी कधी हाती धरलेली नाही. आमचा संबंध एवढाच की, राजे आणि लढाया यांच्याप्रमाणेच खेळ, नाटके आणि धंदे यांनाही इतिहास असतो, असे आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि स्नेह्यांनी एके दिवशी आमचे बोल आमच्याच पदरात टाकले.

गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातील. अमेरिकेत रॉचेस्टर शहरी ओक हिल येथे धंदेवाईक खेळाडूंची मोठी वार्षिक स्पर्धा चालली होती आणि आमचे स्नेही रात्री जागून ती दूरचित्रवाणीवर पाहत होते. त्या स्पर्धेत मायकेल ब्लॉक नावाचा सेहेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ, कॅलिफोर्नियातील एका मैदानावर लोकांस शिकवणी देऊन पोट भरणारा, जगातील पहिल्या प्रतीच्या खेळाडूंच्या बरोबरीने उभा राहिला. स्नेही आमच्याकडे आले ते विजयी मुद्रेने. "पाहिलेत, प्राध्यापकमहाशय? क्लबातला मास्तर तो! मग त्यांच्यात आणि आमच्यात अंतर ते कितीसे उरले?"

प्रश्न थट्टेने विचारला गेला, पण तो थट्टेचा नव्हता. मनुष्य तीस वर्षे एखादी विद्या करतो, गावात पहिला ठरतो, आणि उतारवयात एकदा त्यास जाणून घ्यावेसे वाटते की, आपण खरोखर कोठे उभे आहोत. आम्हीही जिल्ह्याच्या गावी तितकीच वर्षे इतिहास शिकविला असल्यामुळे हा प्रश्न आम्हांस परका नाही. म्हणून तो हसण्यावारी न नेता त्याचा मागोवा घ्यावा असे आम्ही ठरविले.

वाचकांपैकी ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. विस्तीर्ण मैदानावर अठरा ठिकाणी लहानसे खळगे केलेले असतात. त्यांस 'होल' म्हणतात. प्रत्येक खळग्यासाठी ठराविक जागेवरून चेंडू टोलवावयास प्रारंभ करावयाचा, आणि शेवटी कापलेल्या हिरवळीवरून तो हलकेच लोटून खळग्यात घालावयाचा. या शेवटच्या टोल्यास 'पट' म्हणतात. अठरा खळगे मिळून ज्याचे टोले सर्वांत कमी तो जिंकला. मोठ्या स्पर्धांत ही फेरी चार दिवस चार वेळा करावी लागते. येथे समोरून कोणी चेंडू टाकीत नाही, की आपला टोला कोणी अडवीत नाही. चेंडू निमूटपणे पडलेला असतो. पहिलवानाला प्रतिस्पर्ध्याची पकड अंगावर पडताच आपली जागा कळते. क्रिकेटच्या फलंदाजास वेगाचा पहिला चेंडू कळवितो. गॉल्फमध्ये हे कळविणारा कोणी नसतो. शिवाय गावचा चांगला खेळाडूही एखादा टोला असा मारतो की, जगज्जेत्यानेही त्यात काही सुधारणा सुचवू नये. स्नेह्यांच्या प्रश्नाचा उगम आमच्या मते येथेच आहे.

या खेळाचा जुना इतिहास पाहू गेल्यास प्रथम हे ध्यानात येते की, गावचा आणि फिरता हा भेदच मुळी त्यात नव्हता. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूच्या माळांवर तो वाढला. तेथे एका बाजूस खेळणारे सद्गृहस्थ होते, आणि दुसऱ्या बाजूस त्यांच्या काठ्या वाहणारे, काठ्या घडविणारे, चेंडू शिवणारे व हिरवळ राखणारे गरीब लोक होते. या दुसऱ्या वर्गास धंदेवाईक म्हणत. त्यांतील पहिला नामांकित पुरुष सेंट अँड्रूजचा अॅलन रॉबर्टसन. चामड्याच्या लहानशा पिशवीत पिसे ठासून चेंडू करणे हा त्याचा धंदा. १८५८ साली त्याने सेंट अँड्रूजचे मैदान ७९ टोल्यांत पुरे केले, आणि तेथे ऐंशीच्या आत येणारा तो पहिला ठरला. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि आता पहिला कोण, असा प्रश्न उभा राहिला. तो सोडविण्यासाठी १८६० च्या ऑक्टोबरात प्रेस्टविक येथे आठ धंदेवाईक खेळाडू जमले. 'ओपन' म्हणून आज जगभर प्रसिद्ध असलेली स्पर्धा ती हीच. बारा खळग्यांच्या मैदानाच्या तीन फेऱ्या एकाच दिवशी झाल्या. मसलबरोचा विली पार्क १७४ टोल्यांत पहिला आला आणि टॉम मॉरिस १७६ टोल्यांत दुसरा. गंमत अशी की, ते मैदान मॉरिसने स्वतः आखलेले व त्याच्याच देखरेखीखालचे होते. घरचे मैदान म्हणजे अर्धी जीत असे आमचे स्नेही नेहमी म्हणतात. त्यांस आम्ही हे दोन टोले मुद्दाम ऐकविले.

पुढील वर्षापासून ही स्पर्धा हौशी लोकांसही खुली झाली. १८९० साली हॉइलेकच्या रॉयल लिव्हरपूल क्लबचा जॉन बॉल याने ती जिंकली. जिंकणारा तो पहिला हौशी खेळाडू आणि पहिला इंग्रजही. त्याच क्लबचा हॅरॉल्ड हिल्टन १८९२ व १८९७ साली जिंकला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एखाद्या क्लबातील उत्तम खेळाडू हा देशातील उत्तम खेळाडू असू शकत होता. त्यास पोटासाठी खेळावे लागत नव्हते, ही त्या काळी उणीव न ठरता उलट सोय ठरे. कारण धंदेवाईक बिचारा दिवसभर दुकानात काठ्या तासीत बसलेला असे.

फिरता खेळाडू प्रथम स्पष्टपणे दिसतो तो १९०० साली. हॅरी वॉर्डन हा त्या वेळी तीन वेळा ओपन जिंकलेला होता. स्पॉल्डिंग कंपनीला त्याच्या नावाचा नवा चेंडू अमेरिकेत खपवावयाचा होता. म्हणून तिने त्यास बोलावून गावोगाव फिरविले. या दौऱ्यात त्याने ऐंशीहून अधिक सामने खेळले. पुष्कळ ठिकाणी यजमान क्लबचे दोन उत्तम खेळाडू एका बाजूस आणि वॉर्डन एकटा दुसऱ्या बाजूस, अशी व्यवस्था असे. प्रत्येक खळग्यावर त्या दोघांपैकी ज्याचे टोले कमी तेच त्या बाजूचे धरावयाचे. तरीही बहुतेक ठिकाणी वॉर्डनच जिंके. त्याच दौऱ्यात शिकागोजवळ व्हीटन येथे त्याने अमेरिकेची खुली स्पर्धाही जिंकली. दुसरा आला तो त्याच्याच देशाचा जे. एच. टेलर. यजमानांपैकी कोणी त्यांच्या आसपासही नव्हते.

हे अंतर पाहून कोणी असे म्हणेल की, झाला निकाल. पण घाईने निकाल देणे हे इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाही. अमेरिकेत या खेळाचा पहिला टिकाऊ क्लब १८८८ साली निघाला, आणि तेथील खुली स्पर्धा १८९५ साली सुरू झाली. वॉर्डनच्या समोर उभे राहिलेले अमेरिकन लोक मोठेपणी काठी धरलेले होते. तो लहानपणापासून तिच्यासह वाढला होता. ज्या मुलांनी त्यास १९०० साली कुंपणाबाहेरून पाहिले असेल, ती मोठी झाल्यावर काय होते हे पाहणे आवश्यक होते. ते फार लवकर दिसले. १९११ साली जॉन मॅकडरमॉट नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणारा पहिला जन्माने अमेरिकन ठरला, आणि पुढच्या वर्षी त्याने ती पुन्हा जिंकली. आणि १९१३ साली जे घडले ते आमच्या स्नेह्यांसारख्या मंडळींस आजही पाठ असते.

त्या वर्षी वॉर्डन पुन्हा अमेरिकेत आला होता. आता तो पाच वेळचा ओपन-विजेता होता. त्याच्याबरोबर आदल्या वर्षीचा विजेता टेड रे होता. बोस्टनजवळ ब्रुकलाइन येथील मैदानावर स्पर्धा भरली. मैदानाच्या समोरच, रस्त्यापलीकडे, फ्रान्सिस विमेट हा वीस वर्षांचा मुलगा राहत असे. लहानपणी तो तेथेच लोकांच्या काठ्या वाहत होता. आता खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरीस होता. चार फेऱ्यांअखेर वॉर्डन, रे आणि हा मुलगा, तिघांचेही टोले ३०४ झाले. २० सप्टेंबर रोजी, ओल्या मैदानावर, निकालाची फेरी झाली. विमेटच्या काठ्या वाहावयास एडी लोअरी नावाचा दहा वर्षांचा पोर होता. अर्धी फेरी झाली तेव्हा तिघेही ३८ वर होते. उरलेल्या अर्ध्यात विमेटने ३४ टोले घेतले, वॉर्डनने ३९, रेने ४०. म्हणजे ७२, ७७ आणि ७८. तेरा वर्षांपूर्वी दोन-दोन स्थानिक खेळाडूंस एकटा पुरून उरणारा मनुष्य आता एका स्थानिक पोराच्या पाच टोले मागे राहिला.

स्नेह्यांच्या पक्षाचा हा सर्वांत बळकट पुरावा, आणि आम्ही तो कमी लेखीत नाही. परंतु विमेट हा गावचा सामान्य बळकट खेळाडू होता काय? त्याच वर्षी तो आपल्या राज्याची हौशी स्पर्धा जिंकला होता, आणि पुढच्या वर्षी साऱ्या देशाची जिंकणार होता. शिवाय वॉर्डन तरी काय करीत होता? तो इंग्लंडमधील आपल्या क्लबची नोकरी सांभाळून दौऱ्यावर आलेला होता. अर्थात १९१३ साली दोघांच्या जीवनक्रमांत फारसे अंतर नव्हते. दोघांनाही वर्षाचा बराचसा काळ खेळाखेरीज दुसरेच काम होते.

हे बदलले ते वॉल्टर हेगनपासून. हेगन हा प्रथम इतरांसारखाच क्लबचा नोकर होता. १९१९ साली अमेरिकेची खुली स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकल्यावर त्याने ओकलंड हिल्स क्लबची जागा सोडली आणि कोणत्याही क्लबाशी न बांधलेला, केवळ स्पर्धा व प्रदर्शनाचे सामने यांवर जगणारा खेळाडू म्हणून तो फिरू लागला. त्याच्या आधी असे कोणी केलेले नव्हते. १९२० साली तो इंग्लंडात डील येथे ओपन खेळावयास गेला. धंदेवाईकांस क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता; तेव्हा या गृहस्थाने एक मोठी मोटार भाड्याने घेऊन ती इमारतीसमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले! खेळात मात्र त्याची पुरती धूळधाण उडाली. पण दोन वर्षांनी त्याने तीच स्पर्धा जिंकली. त्याच १९२० साली अमेरिकेत टोलीडोच्या इन्व्हर्नेस क्लबाने खुल्या स्पर्धेच्या वेळी धंदेवाईकांस आपल्या इमारतीची दारे उघडली, आणि खेळाडूंनी कृतज्ञतेने क्लबास एक उंच घड्याळ भेट दिले. ज्या वर्गास आजवर मागच्या दाराने यावे लागत होते, त्यातून एक नवा पेशा जन्मास येत होता.

त्या पेशास वाव मिळाला तो हवामानामुळे. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जात आणि क्लबांच्या नोकरांस काही महिने काम नसे. ते दक्षिणेकडे व पश्चिमेकडे जाऊ लागले. तेथील शहरांस प्रवासी हवे होते. त्यांनी बक्षिसे लावली. १९२२ साली टेक्सास ओपनमध्ये पाच हजार डॉलर, १९२६ साली लॉस एंजेलिस येथे दहा हजार. आज ज्यास 'टूर' म्हणतात तिची सुरुवात ही अशी बेकारीच्या महिन्यांत झाली. पुढेही बराच काळ मोठमोठे खेळाडू नावाला तरी कोणत्या ना कोणत्या क्लबाचे नोकर असत. १९४५ साली ओळीने अकरा व वर्षात अठरा स्पर्धा जिंकणारा बायरन नेल्सन नुकताच इन्व्हर्नेसची नोकरी सोडून मोकळा झालेला होता. परंतु काम हळूहळू वाटले जात होते. एकाने दुकान चालवावयाचे, नवशिक्यांस धडे द्यावयाचे, सभासदांची भांडणे मिटवावयाची. दुसऱ्याने रोज शेकडो टोले मारावयाचे आणि आठवड्या-आठवड्यास नव्या मैदानावर पोटासाठी झगडावयाचे.

ही वाटणी एका घरातही दिसते. पेनसिल्व्हेनियातील लॅट्रोब गावी डीकन पामर हा क्लबचे मैदान राखी व तेथे शिकवणी देई. जन्मभर तो त्याच क्लबात राहिला. त्याचा मुलगा अर्नोल्ड बापाच्या हाताखाली शिकला, १९५४ साली देशाची हौशी स्पर्धा जिंकला, आणि मग फिरत्या खेळाडूंत जाऊन इतका मोठा झाला की, १९७१ साली त्याने तो क्लबच विकत घेतला. बाप-लेकांत विद्येचे मूळ एकच होते. एक मैदानाची निगा राखीत राहिला आणि दुसरा त्या मैदानावरून बाहेर पडला. १९६८ साली ही वाटणी कागदावरही आली. धंदेवाईकांची संघटना १९१६ साली स्थापन झालेली होती आणि तीत बहुसंख्य क्लबांचे नोकर होते. दूरचित्रवाणीचा पैसा येऊ लागला तेव्हा तो कोणाच्या ताब्यात असावा यावरून वाद विकोपास गेला आणि फिरते खेळाडू वेगळे झाले. त्या वर्षाच्या अखेरीस तडजोड होऊन त्यांचा स्वतंत्र विभाग झाला.

दरम्यान हौशी खेळाडूंचेही दिवस सरले होते. बॉबी जोन्स हा हौशी राहूनच १९३० साली एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकला. तथापि चार वर्षांपूर्वी हेगनने त्यास चार फेऱ्यांच्या सामन्यात, अकरा खळगे शिल्लक असतानाच, बारांनी हरविले होते. १९३३ साली ओमाहाचा जॉनी गुडमन अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकला. त्यानंतर एकाही हौशी खेळाडूस ती किंवा तिच्या तोडीची स्पर्धा जिंकता आलेली नाही. २०२४ च्या जानेवारीत निक डनलप या विद्यार्थ्याने टूरवरील एक स्पर्धा जिंकली. पण अमेरिकन विश्वविद्यालयांत आज ज्या रीतीने खेळाडू घडवितात ती पाहता त्यास हौशी म्हणणे हे केवळ कायद्याच्या भाषेत खरे आहे. आपल्या देशातही मासला असाच दिसतो. कलकत्त्यास हा खेळ १८२९ पासून आहे. भारताची खुली स्पर्धा १९६४ साली सुरू झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन जिंकला, आणि पुढच्या वर्षी बिल्लू सेठी हा हौशी गृहस्थ. त्यानंतर ती जिंकणाऱ्या दुसऱ्या भारतीयासाठी १९९१ सालापर्यंत थांबावे लागले. तो होता अली शेर, दिल्लीच्या क्लबात काठ्या वाहून शिकलेला धंदेवाईक.

एवढा इतिहास ऐकून घेतल्यावर स्नेही म्हणाले, "सनावळी पुरे. आकडा सांगा." त्यांचा रोख आम्हांस समजला. गॉल्फमध्ये प्रत्येक खेळाडूस एक 'हँडिकॅप' असतो, म्हणजे दुबळ्यास बलिष्ठाशी बरोबरीने खेळता यावे म्हणून द्यावयाच्या टोल्यांची सवलत. ज्यास मुळीच सवलत लागत नाही तो 'स्क्रॅच' खेळाडू. आमचे स्नेही उमेदीच्या काळात तेथवर पोचले होते. या शून्यावर पोचलेल्या मनुष्यास वाटते की, आता वर आकाशच उरले.

येथेच मोठी मेख आहे. २०२० पासून जगभर जी एकच पद्धत चालू आहे तीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठच हिशेबात घेतात. उरलेल्या बारा बाजूस टाकतात. सवलत न्याय्य ठेवण्यास हे ठीकच आहे. पण तीवरून कळते ते इतकेच की, मनुष्य आपल्या चांगल्या दिवशी काय करतो. शिवाय मैदाने सारखी नसतात. टूरच्या स्पर्धा होतात त्या मैदानांवर स्क्रॅच खेळाडूची अपेक्षित धाव पुष्कळदा ७५-७६ टोल्यांची धरतात, आणि तीही त्याच्या चांगल्या दिवसाची. सरासरी घेतली तर ती ७८ च्या पुढेच जावयाची. त्याच मैदानावर फिरता खेळाडू सरासरीने ७१ च्या आसपास खेळतो. म्हणजे आमच्या हिशेबाने एका फेरीस सात-आठ टोले आणि चार दिवसांस सुमारे तीस. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. कोलंबिया विश्वविद्यालयातील प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी टूरवरील लक्षावधी टोल्यांची मोजदाद केली आहे. त्यांच्या गणिताप्रमाणे २००४ ते २०१२ या काळात टायगर वुड्स हा टूरवरील सरासरी खेळाडूपेक्षा फेरीस सुमारे २.८ टोल्यांनी सरस होता. म्हणजे त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ आणि टूरवरील एक कोणीतरी यांच्यात जे अंतर, त्याच्या दुपटीहून अधिक अंतर त्या कोणीतरीत आणि आमच्या स्नेह्यांच्या उमेदीच्या काळात.

स्नेही काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी स्वाभाविकच पटचा मुद्दा काढला. सामान्य समज असा की, लांबचे टोले सर्वांसच येतात, धंदेवाईक वरचढ ठरतो तो हिरवळीवर. ब्रोडींचे आकडे हा समज खोटा ठरवितात. आठ फुटांवरून धंदेवाईकाचा पट निम्म्या वेळाच खळग्यात पडतो, वीस फुटांवरून शंभरात सुमारे पंधरा वेळा. देवत्व म्हणावे असे त्यात काही नाही. नव्वद टोले घेणारा साधारण खेळाडूही पाच फुटांवरून निम्मे पट घालतो. टूरवरील अग्रेसर खेळाडूंची जी सरशी असते तिच्यात पटचा वाटा शेकडा पंधराच्या आसपास. पहिल्या लांब टोल्याचा अठ्ठावीस, आणि हिरवळीकडे दुरून मारलेल्या टोल्यांचा चाळीस. आमच्या स्नेह्यांस पट न पडल्याचे दुःख आठवडाभर पुरते, पण दीडशे यार्डांवरून मारलेला चेंडू हिरवळीच्या डाव्या कडेस पडला याची त्यांस आठवणही राहत नाही. टोले गळतात ते मात्र तेथे.

गणेशोत्सवात गावचे हौशी नट एखादा अंक असा वठवीत की, पाहणाऱ्यास फिरत्या नाटक मंडळीची आठवण व्हावी. त्या अंकापुरते ते खरेही असे. परंतु मंडळी आज सांगलीस, परवा हुबळीस, घसा बसलेला असताना, अर्धे थिएटर रिकामे असताना, तोच अंक त्याच तोलाने करी. ब्लॉकच्या कथेत आम्हांस हेच दिसते.

ओक हिलच्या त्या स्पर्धेत १५६ खेळाडूंपैकी वीस जागा क्लबांच्या शिक्षकांसाठी राखीव असतात. १९६८ पूर्वीच्या एकत्र कुटुंबाची ती शेवटची खूण म्हणावी. त्या वीसांपैकी दोन फेऱ्यांनंतर टिकून राहिला तो एकटा ब्लॉक. पहिले तीन दिवस त्याने ७०, ७०, ७० टोले घेतले. चौथ्या दिवशी त्याची जोडी रोरी मॅक्‌इलरॉयशी होती, आणि पंधराव्या खळग्यावर ब्लॉकने पहिल्याच टोल्यात चेंडू थेट खळग्यात घातला. शेवटची फेरी ७१. पंधराव्या क्रमांकाची बरोबरी, आणि २,८८,३३३ डॉलर. क्लबाच्या शिक्षकाची इतकी चांगली कामगिरी १९८६ नंतर झाली नव्हती. लोकांनी त्यास डोक्यावर घेतले ते योग्यच केले. त्या भरात तो एका मुलाखतीत अशा अर्थाचे बोलून गेला की, मॅक्‌इलरॉयचा चेंडू जेथे जातो तेथून मला पुढचे टोले मारावयास मिळाले, तर मी जगातील उत्तमांपैकी एक ठरेन. यावर त्याची पुष्कळ टर उडविण्यात आली. आम्हांस ते बोलणे उद्धटपणाचे वाटत नाही. ते गावच्या खेळाडूचे अगदी स्वाभाविक बोलणे आहे. पण मॅक्‌इलरॉयचा पहिला टोला त्या वर्षी सरासरी सुमारे ३२६ यार्ड जात होता. तो वजा करून उरलेल्या विद्येची तुलना करू म्हणणे म्हणजे गवयाचा गळा बाजूस ठेवून ताना मोजण्यासारखे आहे.

लगेच पुढच्या आठवड्यात टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या स्पर्धेचे त्यास खास आमंत्रण आले. तेथे त्याने ८१ आणि ७४ टोले घेतले आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तो पोचला नाही. मैदान निराळे होते, दमणूक होती, मुलाखतींचा ससेमिरा होता. हे सारे खरे. परंतु फिरत्या खेळाडूस हे सारे दर आठवड्यास असते. १९५५ साली आयोवातील डेव्हनपोर्टच्या सार्वजनिक मैदानांवरील धंदेवाईक जॅक फ्लेक याने शेवटच्या चार खळग्यांत दोन टोले वाचवून बेन होगनची बरोबरी गाठली. होगनचे तोवर दूरचित्रवाणीवर अभिनंदनही होऊन गेले होते! दुसऱ्या दिवशी निकालाच्या फेरीत फ्लेकने त्यास ६९ विरुद्ध ७२ असे हरविले, आणि फ्लेकच्या हाती ज्या काठ्या होत्या त्या होगनच्याच कारखान्यातल्या. तो विजय यत्किंचितही खोटा नव्हता. तथापि पुढे उभ्या आयुष्यात त्यास टूरवर आणखी दोनच स्पर्धा जिंकता आल्या. ब्लॉकच्या चार फेऱ्याही तितक्याच खऱ्या, आणि ८१ ही तितकेच खरे.

हे सर्व आम्ही स्नेह्यांस दोन बैठकांत सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. जाताना मात्र म्हणाले, "तुमचे ते प्राध्यापक सरासरी काढतात ना? मग मीही काढतो. वीस फेऱ्या. एकही टोला न वगळता लिहून ठेवतो." आम्ही त्यांस कॉलेजच्या दुकानातून एक जाड बांधणीची वही आणून दिली. पुढच्या चार रविवारांची पाने त्यांच्या रेखीव अक्षरात भरलेली आहेत: कोणती काठी, किती यार्ड, चेंडू कोठे पडला, कोणता टोला वाया गेला. चौथ्या पानावर एकंदर ८४ आहेत आणि त्याखाली दोनदा रेघ ओढलेली आहे. पाचवे पान कोरे आहे. वही सध्या आमच्याच टेबलावर असते. स्नेही येतात तेव्हा तिच्याकडे पाहत नाहीत, आणि आम्हीही विषय काढीत नाही. रविवारचा नेम अर्थातच चालू आहे.